शहरातली छोटी लाइव्ह म्युझिक आणि कॉमेडीची ठिकाणं टिकावीत म्हणून साधा प्रेक्षक काय करू शकतो?

तुम्ही विचारलंय की शहरातली छोटी, स्वतंत्र लाइव्ह म्युझिक आणि स्टँडअपची ठिकाणं एकेक करून बंद होताहेत. तुम्ही कलाकार नाही, फार पैसेही नाहीत, मग नुसता प्रेक्षक म्हणून काय करता येईल? मी अशाच छोट्या व्हेन्यूंमध्ये साउंड सांभाळते, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं.

एकच गोष्ट करायची असेल तर तिकीट आधी काढा. जायचं ठरलं त्याच दिवशी.

शो शनिवारी असला तरी तो होणार की नाही, हे बऱ्याचदा आठवड्याच्या मध्येच ठरतं. बुकिंग बघणारी व्यक्ती विक्रीचा आकडा उघडते आणि त्यावरून पुढचं सगळं ठरवते. दारावर किती माणसं लागतील, जादा माइक आणि अ‍ॅम्प भाड्याने आणायचे का, बाहेरगावच्या बँडची राहायची सोय पक्की करायची का. आकडा फारच कमी असेल तर शो रद्द होतो. ‘दारावरच काढू तिकीट’ म्हणणारे पुष्कळ असतात आणि ते खरोखर येणारही असतात, पण बुधवारी आकडे बघणाऱ्याला ते कळायला काही मार्ग नसतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण असे कितीतरी शो प्रेक्षक असूनही बुडतात.

एका शोने असा काय फरक पडतो, असं वाटू शकतं. ब्रिटनमध्ये 2014 साली सुरू झालेला म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट दरवर्षी छोट्या ठिकाणांचा हिशेब मांडतो. त्यांच्या अहवालाप्रमाणे 2023 या एका वर्षात तिथल्या 125 ठिकाणी लाइव्ह संगीत थांबलं, आणि जी चालू होती त्यांच्या नफ्याचं सरासरी प्रमाण होतं अर्धा टक्का. म्हणजे शंभराची उलाढाल झाली तर हातात अर्धा उरतो. एवढ्यावर चालणाऱ्या जागेला दोन-तीन रिकाम्या रात्रीसुद्धा झेपत नाहीत.

तिकिटाच्या पैशांतला मोठा वाटा कलाकाराकडे जातो आणि तो जायलाच हवा. जागेचं भाडं, वीज, पगार निघतात ते मुख्यतः काउंटरवरच्या विक्रीतून. त्यामुळे बाहेर खाऊन-पिऊन ऐन वेळी आत शिरण्यापेक्षा थोडं लवकर या आणि जे काही घ्यायचं ते तिथेच घ्या. दारू पीत नसाल तर साधं थंड पेय घेतलंत तरी चालेल. तिकीट शक्यतो व्हेन्यूच्या स्वतःच्या पानावरून काढा. आणि मालक ओळखीचा आहे म्हणून फुकट पास मागू नका. ज्यांना या जागेची सगळ्यात जास्त आपुलकी असते, तेच बरेचदा पास मागतात.

आता ज्यांचं नाव कधी ऐकलेलं नाही अशांच्या शोबद्दल. ओळखीच्या नावांना गर्दी होतेच, तुमची खरी गरज असते ती मंगळवारी किंवा बुधवारी, अनोळखी बँडला, मुख्य कार्यक्रमाआधी वाजवणाऱ्यांना. इथे माझ्या कामातली एक गोष्ट सांगते. साउंडचेकच्या वेळी खोली रिकामी असते. स्नेअर ड्रमचा एक ठोका मागच्या भिंतीवर आपटून परत येतो, गाण्यातले शब्द एकमेकांत मिसळतात, मी साउंडच्या कन्सोलवर कितीही बटणं फिरवली तरी तो घुमारा पूर्ण जात नाही. मग माणसं येतात. माणसांची शरीरं आणि कपडे आवाज शोषून घेतात, घुमारा बसतो आणि शब्द स्वच्छ कानावर पडायला लागतात. प्रेक्षक नुसता आत येऊन उभा राहिला तरी समोरच्या बँडचं गाणं सुधारतं. त्यामुळे पहिल्या बँडच्या वेळी बाहेर गप्पा मारत थांबू नका, आत या.

कॉमेडीत तर हे आणखी जास्त जाणवतं. विखरून बसलेली माणसं मोकळेपणाने हसत नाहीत, म्हणून चांगले आयोजक गर्दी कमी असली की मागच्या खुर्च्या उचलून सगळ्यांना पुढे बसवतात. तुम्ही आपणहून पुढे बसा. ओपन माइकला जा, म्हणजे कोणीही मंचावर येऊन नवा मजकूर आजमावतो त्या कार्यक्रमाला. तिथे एखादी मुलगी वहीचं पान हातात धरून एक ओळ म्हणते, कोणीच हसत नाही, ती तिथेच पेनने काहीतरी खोडते. पुढच्या वेळी तीच ओळ दोन शब्द कमी करून येते आणि अख्खी खोली हसते. विनोद असाच तयार होतो, लोकांसमोर पडून पडून. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, नव्या मजकुराचा व्हिडिओ काढू नका. अर्धवट विनोद फोनवरून सगळीकडे फिरला की तो पुढे घडवायची संधीच जाते, आणि संदर्भ सोडून फिरला तर त्या कलाकाराला त्रासही होतो.

हे झालं खोलीच्या आतलं. बाहेरून येणारी मोठी संकटं साधारण तीन: परवाने, आवाजाच्या तक्रारी आणि जागेचं भाडं. परवाने आणि तक्रारींच्या बाबतीत नागरिकांचं म्हणणं चालतं, आणि ते चाललेलं आहे. जानेवारी 2010 मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नमधलं ‘द टोट’ हे लाइव्ह म्युझिकचं ठिकाण परवान्याच्या कडक अटींपायी बंद झालं. पुढच्याच महिन्यात हजारो लोकांनी मोर्चा काढला, आणि ‘द टोट’ त्याच वर्षी पुन्हा उघडलं. 2014 मध्ये तिथल्या व्हिक्टोरिया राज्याने नियम केला की जुन्या व्हेन्यूच्या शेजारी कोणी नवीन घरं बांधली, तर आवाज अडवायची सोय बांधणाऱ्याने करायची. इंग्लंडच्या नियोजन धोरणात असंच तत्त्व 2018 मध्ये आलं. हा नियम मला अतिशय न्याय्य वाटतो. तुमच्या शहरात व्हेन्यूशेजारी नवी इमारत येणार असेल आणि हरकती-सूचना मागवल्या असतील, तर हीच मागणी लेखी द्या. तक्रार करणारे आवर्जून लिहितात. जागा हवी असणारे सहसा लिहीत नाहीत, मग फायलीत एकच बाजू राहते.

मोठ्या शोंच्या पैशांतला थोडा भाग छोट्यांकडे वळवायची मागणीही जरूर करा. फ्रान्समध्ये संगीताच्या आणि कॉमेडीच्या कार्यक्रमांच्या तिकीटविक्रीवर 3.5 टक्के कर लागतो आणि तो पैसा याच क्षेत्राच्या मदतीला परत येतो. स्टेडियम भरवणारे कलाकारही कधीकाळी कुठल्यातरी छोट्या खोलीतच तयार झालेले असतात, त्यामुळे ही मागणी अवाजवी नाही.

राहिलं भाडं, आणि सगळ्यात अवघड तेच. बहुतेक व्हेन्यू भाड्याच्या जागेत असतात. शो कितीही चांगले चालले तरी घरमालकाने जागा विकायची ठरवली की चालवणाऱ्याचं काही चालत नाही. यावर ब्रिटनमध्ये एक उपाय निघालाय. म्युझिक व्हेन्यू ट्रस्टने सुरू केलेल्या म्युझिक व्हेन्यू प्रॉपर्टीज या संस्थेत सामान्य लोकांनी शेअर घेतले, आणि त्यातून 2023 मध्ये अ‍ॅथर्टन गावातल्या ‘द स्नग’ या छोट्या व्हेन्यूची जागाच विकत घेतली गेली. असं काही उभं करायचं तर वेळ लागतो, आणि विक्रीची पाटी लागल्यावर तेवढा वेळ मिळत नाही. तेव्हा पुढच्या शोला गेलात की तुमच्या आवडत्या जागेच्या चालकांना भाडेकरार कधी संपतोय ते विचारा. तो पुढच्या वर्ष-दीड वर्षात संपत असेल, तर नियमित येणाऱ्या प्रेक्षकांना आत्ताच गोळा करा आणि त्या चालकांसोबत बसा.