समुद्रफूल आणि कमळ: दोन्ही फुलंच ना?

नाही. नावात फूल असलं तरी समुद्रफूल हा प्राणी आहे, जेलीफिश आणि प्रवाळांच्या गोतावळ्यातला. ओहोटीला रत्नागिरी-मालवणच्या खडकांतल्या डबक्यात वाकून बघा. 'पाकळ्या' म्हणजे त्याच्या शुंडिका, तोंडाभोवतीचे लवचिक सोंडेसारखे अवयव, आणि त्यांवर विषारी दंशपेशी असतात. छोटा मासा किंवा कोळंबी भिडली की ती बधिर होते आणि मधल्या तोंडातून आत जाते. न पचलेलं बाहेर टाकायलाही तेच तोंड! मेंदू नाही, नुसतं चेतातंतूंचं जाळं. तरी पाणी ओसरलं की अंग मिटून ओलावा धरून ठेवतो आणि गरज पडली तर तळव्यावर हळूहळू सरकतो.

कमळ मात्र खरीखुरी सपुष्प वनस्पती. तळ्याच्या चिखलात आडवं खोड, म्हणजे आपली कमळकाकडी. ती चिरल्यावर दिसणारी भोकं हवेच्या वाहिन्या असतात, त्यांतूनच चिखलातल्या भागाला प्राणवायू मिळतो. मला सर्वांत नवल वाटतं ते फुलाच्या उबेचं: बाहेर गारवा असला तरी उमलतं फूल आतलं तापमान 30 ते 36 अंशांच्या आसपास राखतं, परागण करणाऱ्या कीटकांसाठी.

मिटणं दोघांनाही येतं, एवढंच साम्य. नात्याने तर कमळासारखं दिसणारं कुमुदसुद्धा कमळाला दूरचं, मग समुद्रफुलाची काय कथा! आणि हो, डबक्यातल्या 'फुलाला' बोट लावू नका, काहींच्या दंशाने चांगलीच आग होते.