चामखीळ गोठवण्याची बाटली की दवाखाना?

प्रश्न : माझे वय ४६ आहे. उजव्या हाताच्या तर्जनीला, नखाच्या अगदी कडेला चामखीळ झाली असून वेचणीच्या वेळी पऱ्हाटीच्या वाळलेल्या बोंडाचे टोक लागले की तिच्यातून रक्त येते. बिब्बा लावून पाहिला, तर कातडी भाजली आणि चामखीळ तशीच राहिली. मेहुण्याने ऑनलाइन मागवलेली चामखीळ गोठवण्याची बाटली वापरावी, की दवाखान्यात जावे? गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातही नायट्रोजन असतो; त्यातला थोडा लावला तर चालेल का?
– एक शेतकरी वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो धोक्याचा आहे. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्यात ठेवतात तो द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो आणि त्वचारोगतज्ज्ञही तोच वापरतात. मात्र तो किती सेकंद धरायचा आणि कुठे थांबायचे, हे सरावाचे काम आहे, कारण बोटाच्या कातडीखाली लगेच शिरा, मज्जातंतू आणि स्नायूंचे दोर असतात. शिवाय हा द्रव उडून जाताना त्याचा वायू सुमारे ७०० पट जागा व्यापतो, त्यामुळे कोणी तो घट्ट झाकणाच्या थर्मासमध्ये भरून घरी आणला, तर थर्मास फुटू शकतो.

मेहुण्यांच्या बाटलीत नायट्रोजन नसतो. अशा बहुतेक बाटल्यांमध्ये डायमिथाइल ईथर आणि प्रोपेन असते, म्हणजे चुलीजवळ किंवा पेटत्या विडीजवळ ती उघडणेच चूक. खोक्यावर उणे ५७ अंश छापलेले असले, तरी फोमच्या बोंड्यातून कातडीपर्यंत पोहोचणारा गारवा त्याहून बराच कमी असतो आणि जाड चामखिळीच्या मुळाशी तो क्वचितच जातो. उलट, कातडीला रंग देणाऱ्या पेशी थोड्या थंडीनेही मरतात. म्हणून चामखीळ कायम आणि भोवती पांढरा डाग, असे सावळ्या कातडीवर होऊ शकते.

दवाखान्यातली गोठवणीही एका फेरीत संपत नाही. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने अनेकदा तीन-चार वेळा जावे लागते, फोड येतो, ठणका लागतो. २०११ साली ब्रिटनमध्ये तळपायाच्या चामखिळींवर झालेल्या चाचणीत नायट्रोजन आणि घरी लावायचे ५० टक्के सॅलिसिलिक ॲसिड यांची तुलना झाली, तेव्हा १२ आठवड्यांनी दोन्ही गटांत जेमतेम १४ टक्के रुग्ण बरे झालेले दिसले. म्हणूनच साध्या चामखिळीसाठी बाटलीपेक्षा मी औषधाच्या दुकानातले १७ टक्क्यांचे सॅलिसिलिक ॲसिड सुचवतो : रात्री बोट कोमट पाण्यात भिजवायचे, मऊ झालेला थर घासून काढायचा, थेंब लावायचा आणि हे नेमाने १२ आठवडे करायचे.

तुमची चामखीळ मात्र साधी म्हणता येत नाही. नखाच्या मुळाला इजा झाली, तर नख कायमचे वेडेवाकडे उगवते आणि चाळिशीनंतर नखाकडेची वाढ रक्त देत असेल, तर ती कर्करोगाची नाही ना, हे तपासावेच लागते. म्हणून बिब्ब्याची जखम भरू द्या, तिच्यावर काहीही लावू नका आणि यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभागाला बोट दाखवा. नायट्रोजन भांड्यातूनही रोज थोडा थोडा उडत असल्यामुळे तो प्रत्येक दिवशी शिल्लक असेलच असे नाही. गोठवणीचा दिवस पहिल्याच भेटीत विचारून घ्या, म्हणजे वेचणीची मजुरी बुडवून मारलेली खेप वाया जाणार नाही.