ओट्यामागच्या भिंतीला कोणती टाइल लावावी? आधी सांधे मोजा

तुमचं खानापूर तालुक्यातलं घर प्लास्टरपर्यंत आलंय. ओटा एल आकाराचा, दोन्ही बाजू मिळून १६ फूट, आणि ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंत २ फूट मोकळी भिंत. वहिनींना विटांसारख्या छोट्या पांढऱ्या टाइल्स आवडल्यात, दुकानदार काच घ्या म्हणतोय, गवंडी फळांच्या चित्रांची टाइल सुचवतोय. यातलं काय घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत सांगतो. १ बाय २ फुटांची साधी, गुळगुळीत सिरॅमिक टाइल घ्या, उभी लावा, आणि डिझाइनचे वाचलेले पैसे एपॉक्सी ग्राउटला, म्हणजे टाइल्सच्या सांध्यांत भरायच्या मालाला, घाला.

स्वयंपाकघरात टाइल वर्षानुवर्षं तशीच राहते. पिवळे आणि मग काळे पडतात ते सांधे. तुमच्याच भिंतीचा हिशोब करू. २ फुटी टाइल उभी लावली की ओट्यापासून कपाटापर्यंत एकच टाइल येते, मधे आडवा सांधा नाही. १६ टाइल्स, त्यांच्यामधे १५ उभे सांधे, म्हणजे ३० फूट. आता ३ बाय ६ इंचांची विटेसारखी टाइल धरा. आठ रांगा होतात, त्यांच्यामधले सात आडवे सांधेच ११२ फूट भरतात आणि उभे धरले तर १७० फुटांच्या वर जातं. हे सगळं कुणीतरी फडकं घेऊन पुसणार आहे. वहिनींना हे आकडे दाखवा आणि मग त्यांनाच ठरवू द्या.

मी हे अनुभवाने सांगतोय. बेळगावात वडगावच्या आमच्या घरी २०१२ साली मी गॅसमागे काचेच्या बारीक तुकड्यांची मोझॅक लावली होती, सांध्यात पांढरा सिमेंटचा ग्राउट. लावली त्या दिवशी सगळ्यांनी कौतुक केलं. आमच्याकडे रोजची फोडणी, रविवारी मटणाचा रस्सा, संकेश्वरी मिरची भाजायची तर त्याच गॅसवर. सहा महिन्यांत शेगडीमागचे सांधे हळदीने पिवळे झाले, वर्षभरात तपकिरी. हात लावला तर बोट चिकटायचं. आई दर शनिवारी जुन्या टूथब्रशला खायचा सोडा लावून एकेक रेघ घासायची. घासून घासून ग्राउटचा भुगा ओट्यावर पडायचा आणि त्या खाचेत आणखी तेल मुरायचं. तिचं ते वाकून घासणं बघवत नव्हतं. शेवटी २०१९ मध्ये सगळी मोझॅक फोडून काढली, तर मागचं प्लास्टरही चिऱ्यापर्यंत, म्हणजे भिंतीच्या जांभ्या दगडापर्यंत, निघून आलं.

सिमेंटचा ग्राउट सच्छिद्र असतो, म्हणून तो तेल आणि हळद पितो. एपॉक्सीमध्ये राळ आणि हार्डनर मिसळतात. ते घट्ट झालं की त्यात काही मुरत नाही. महाग आहे, आणि लावणाऱ्याचा हात बसलेला पाहिजे. मिसळल्यावर थोड्याच वेळात ते आवळायला लागतं, आणि टाइलवर पसरलेलं वेळेत पुसलं नाही तर धुरकट थर कायमचा बसतो. आधी कुठे केलंय ते गवंड्याला विचारा आणि शक्य असेल तर ते घर बघून या. बजेट ताणलेलं असेल तर गॅसच्या आणि सिंकच्या मागे तेवढं एपॉक्सी करा, बाकी ठिकाणी राखाडी सिमेंट ग्राउट चालेल. पांढरा मात्र कुठेच नको.

खात्री करायची असेल तर प्लायच्या तुकड्यावर टाइलचे दोन-तीन तुकडे चिकटवून एका सांध्यात हा ग्राउट, दुसऱ्यात तो भरा. पूर्ण वाळला की गरम तेलात हळद-तिखट घालून दोन्हींवर ओता, रात्रभर ठेवा आणि सकाळी साबणाने धुवा. दुसऱ्यांदा टाइल लावायच्या आधी मी हे केलं होतं. सिमेंटच्या सांध्यातली पिवळी रेघ बघून आईने पुढे काही विचारलंच नाही.

दुकानदार म्हणतो ती अखंड काच वाईट नाही. सांधे जवळजवळ नसतात, पुसायला सोपी. पण ती टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली पाहिजे, आणि टफन्ड काचेला नंतर भोक पाडता येत नाही. म्हणून ओटा बसवून, स्विचबोर्डच्या जागा पक्क्या करून मगच माप द्यायचं. मिक्सरचा प्लग अजून कुठे येणार हे ठरलं नसेल तर काचेच्या मागे लागू नका. ओट्याचाच ग्रॅनाइट वर चढवला तर तो सगळ्यांत टिकाऊ, पण एकाच खिडकीच्या स्वयंपाकघरात काळा ग्रॅनाइट लावला तर खानापूरच्या पावसाळ्यात दिवसाढवळ्या दिवा लावावा लागेल. संगमरवर नको. चिंच, लिंबू, आमसूल यांच्या आंबटाने त्याची चकाकी जाते. पीव्हीसीचे पॅनेल आणि चिकटवायचे स्टिकर गॅसमागे तर अजिबात नकोत, आचेने वाकतात. फळांच्या चित्राबद्दल एवढंच: एखादी टाइल फुटली तर चार वर्षांनी तेच चित्र दुकानात मिळत नाही.

टाइलपेक्षा मोठी काळजी मला तुमच्या भिंतीची वाटते. घर चिऱ्याचं असेल आणि ओट्यामागची भिंत पश्चिमेला, पावसाच्या माऱ्यात असेल, तर आधी बाहेरून प्लास्टर आणि वॉटरप्रूफिंग पक्कं करा. टाइल ओल थांबवत नाही, फक्त झाकते. आत लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणारा खार, धरला की तो टाइलला मागून ढकलतो.

लावताना स्वतः उभे राहा. सिरॅमिक टाइल सिमेंटवर लावणार असतील तर आधी पाण्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत भिजवायला सांगा, नाहीतर ती मालातलं पाणी ओढून घेते. व्हिट्रिफाइड घेतलीत तर ती पाणी पीतच नाही, म्हणून तिला टाइल चिकटवायचं अ‍ॅडहेसिव्हच पाहिजे. चार कोपऱ्यांना चार गोळे आणि मधे एक, असं लावू देऊ नका. मागे पोकळी राहते. दुसऱ्या दिवशी नाण्याने प्रत्येक टाइल ठोकून बघा. डबडब आवाज आला तर मजुरी देण्याआधीच काढून परत लावून घ्या. ओटा आणि भिंत जिथे मिळतात तो सांधा मात्र सिलिकॉनने भरा. तिथे ओटा किंचित हलतो, कडक माल भरला तर तडकतो आणि पाणी आत उतरतं.

तुम्हाला १६ टाइल्स लागतील. कोपरे आणि स्विचबोर्डांची कटाई धरून २० घ्या. सगळी खोकी एकाच बॅचची आणि एकाच शेडची आहेत का ते दुकानातच छापलेला नंबर वाचून बघा. माल गुजरातमधल्या मोरबीहून येतो, पुढच्या गाडीतला पांढरा आधीच्या पांढऱ्याशी जुळेलच असं नाही. उरतील त्या माळ्यावर ठेवा, खोक्यासकट.