समतोल 'राखणं' की तोल 'सावरणं'?

परळच्या एका ताई रुग्णांसाठी माहितीपत्रक मराठीत करत आहेत. त्यांचा प्रश्न असा: 'दाह चालू असताना रोगप्रतिकारक पेशी अँटिऑक्सिडंट समतोल राखतात' हे वाक्य चालेल का? आणि दाह म्हणावं, सूज की शोथ?

शेवटचं आधी. मराठी विश्वकोशात संधिशोथ, आंत्रपुच्छशोथ असे शब्द आहेत आणि ते नेमकेही आहेत, पण बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभ्या माणसाला 'शोथ' कळणार नाही. नुसत्या 'दाहा'ने त्याला जळजळ आठवेल आणि 'सूज' तर चार लक्षणांतलं एकच; लाली, उष्णता आणि वेदना ही उरलेली तीन. पहिल्यांदा 'दाहयुक्त सूज' लिहा, पुढे 'दाह' पुरे.

माझा खरा आक्षेप 'राखतात'वर आहे. आपण शेत राखतो, मान राखतो, म्हणजे आहे ते तसंच ठेवतो. इथे घडतं ते उलट. न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी जंतू गिळते तेव्हा तिचा ऑक्सिजनचा वापर एकदम उसळतो. एनएडीपीएच ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड बनवतं, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड होतं आणि पुढे हायपोक्लोरस आम्ल, म्हणजे ब्लीचमध्ये काम करतं तेच. हे सगळे ऑक्सिडीकारक, म्हणजे समोर येईल त्यातले इलेक्ट्रॉन हिसकावणारे रेणू; अँटिऑक्सिडंट त्यांना आवरतात. पेशी हा तोल मुद्दाम ढळवते, कारण तिला जंतू मारायचा असतो.

त्याच वेळी तिला स्वतःलाही वाचवायचं असतं. सुपरऑक्साइड डिसम्युटेज आणि कॅटालेज ही विकरं आणि ग्लुटाथायोन हा अँटिऑक्सिडंट रेणू त्यासाठीच असतात. एरवी कीप१ हे प्रथिन एनआरएफ२ या दुसऱ्या प्रथिनाला टिकू देत नाही. ऑक्सिडीकारक रेणू वाढले की कीप१ बदलतं, एनआरएफ२ केंद्रकात पोचतं आणि संरक्षक प्रथिनांची जनुकं चालू करतं. मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती एनएडीपीएच, म्हणजे पेशीत इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू. सुपरऑक्साइड बनवायला तेच लागतं आणि वापरलेलं ग्लुटाथायोन पुन्हा कामाचं करायलाही तेच. हल्ला आणि बचाव, दोन्हींचा खर्च एकाच गंगाजळीतून!

म्हणून क्रियापद हवं 'सावरणं'. पदर सावरतो, पडता माणूस सावरतो. आधी काहीतरी ढळलेलं असतं. पत्रकासाठी मी असं लिहीन: 'दाहयुक्त सूज असताना पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी तीव्र ऑक्सिडीकारक रेणू तयार करतात आणि त्यांच्यापासून स्वतःला सावरतातही.' 'पांढऱ्या पेशी' रक्ताच्या रिपोर्टमुळे सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत. 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द पत्रकात इतरत्र आला तर तसाच ठेवा. 'प्रतिऑक्सिडीकारक' पाठ्यपुस्तकात शोभेल.

एक विनंती मात्र आग्रहाने करते. ऑक्सिडीकारक रेणूंच्या आधी सरसकट 'घातक' लावू नका. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज या जन्मजात आजारात एनएडीपीएच ऑक्सिडेजच नीट चालत नाही. त्या मुलांना जिवाणूंचे आणि बुरशीचे गंभीर संसर्ग पुन्हा पुन्हा होतात आणि दाह कमी होण्याऐवजी अनेकदा जास्तच भडकतो, म्हणजे दाह आवरण्यातही या रेणूंचा हात असतो. तुमच्या जवळच, केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीत अशा जन्मजात प्रतिकारदोषांचं निदान होतं. तिथल्या एखाद्या पालकाच्या हाती तुमचं पत्रक पडलं, तर 'घातक' हा शब्द त्यांना चुकीचंच सांगेल.