पिवळी फाइल आधी उघड

प्रिय संपादकबाई,

या हाकेची आतापासूनच सवय करून घे. या अंकाची प्रुफं गेली की मी मोकळा. बौद्धिक अक्षमतेवरचं हे जर्नल मी सुरू केलं हे खरं, पण ते काही घरचं दुकान नाही.

कपाटाच्या खालच्या कप्प्यात पिवळी फाइल आहे. मी साभार परत केलेल्या काही लेखांच्या झेरॉक्स तीत आहेत. पहिला लेख विशेष शाळेतल्या एका बाईंचा, हाताने लिहिलेला. वर्गातल्या एका मुलाला एसटीचं तिकीट काढायला त्यांनी कसं शिकवलं, त्याची हकिगत. आधी नुसत्या दहाच्या नोटा ओळखायच्या, मग गावाचं नाव मोठ्यानं सांगायचं. पुढे बाई दोन बाकं मागे बसू लागल्या. कंडक्टर मात्र त्याला सोडून त्यांच्याकडेच बघत विचारायचा, ‘याला कुठं उतरायचंय?’ हेही त्यांनी टिपलं होतं. मी ‘नमुना एकच’ असा शेरा मारून लेख परत पाठवला. एकाच व्यक्तीच्या काटेकोर नोंदींवरही अभ्यास उभा राहतो, हे मला ठाऊक होतं. रोजच्या नोंदी मागायला दोन ओळींचं पत्र पुरलं असतं. मी कंटाळा केला. बाईंनी पुन्हा काही पाठवलं नाही.

नुसता बुद्ध्यांक टाकून लेख आला, तर चाचणी कोणती आणि तिचं प्रमाणीकरण कधीचं, म्हणजे तिचे निकष कोणत्या काळच्या मुलांवरून ठरले, ते विचार. बिने-कामत ही बुद्धिमापन चाचणी आपल्याकडे अजून वापरात आहे आणि तिची मुळं १९३०च्या दशकातली! शिवाय निदान एकट्या आकड्यावर होत नाही. अंघोळ, कपडे, दुकानातून मीठ आणणं, यातलं काय जमतं तेही लेखात हवं.

शब्दांचं म्हणशील, तर दिव्यांगांसाठीच्या १९९५च्या कायद्यात ‘मेंटल रिटार्डेशन’ होतं, २०१६च्या कायद्यात ‘इंटेलेक्च्युअल डिसॅबिलिटी’ आलं. अमेरिकेतल्या याच क्षेत्रातल्या जुन्या संघटनेनं २००७मध्ये तसंच आपलं नावच बदललं. आपल्या जुन्या अंकांतलं ‘मतिमंद’ खोडू नकोस, नव्यात येऊ देऊ नकोस. पण माझा खरा राग ‘पालकांची संमती घेतली’ या वाक्यावर आहे. तीस वर्षांच्या माणसाच्या अभ्यासाला आईची सही, आणि त्याला स्वतःला कुणी विचारलं का, याबद्दल अवाक्षर नाही. असा लेख थांबव, लेखक कितीही मोठा असो.

आणि पुढच्या अंकाची प्रुफं मला पाठवू नकोस. पाठवलीस तर मी लाल पेन काढीनच.

तुझा,
सर