‘स्कूल सुपरिंटेंडंट’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा : अमेरिकेतल्या ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’च्या, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेच्या, सुपरिंटेंडंटला ‘शाळा अधीक्षक’ म्हणावे की ‘शिक्षणाधिकारी’?

‘अधीक्षक’ कोशात बरोबर असला, तरी आपल्याकडे शिक्षण खात्यात अधीक्षक म्हटले की वेतन पथकाचा किंवा वसतिगृहाचा अधीक्षक आठवतो. शिवाय ‘शाळा अधीक्षक’ हा एकाच शाळेचा वाटतो. त्या पदाला मुख्याध्यापक म्हणायचे आणि मोकळे व्हायचे, असेही पाहण्यात येते. ते तर साफ चूक.

‘शिक्षणाधिकारी’ कामाने जवळचा, पण नेमणुकीने लांबचा. आपला शिक्षणाधिकारी शासनाच्या सेवेतला. जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या हाताखाली बसतो आणि सरकार त्याची बदली करते. सुपरिंटेंडंटला बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेले स्कूल बोर्ड ठरावीक वर्षांच्या करारावर नेमते. तो अंदाजपत्रक मांडतो, मुख्याध्यापकांच्या नेमणुका सुचवतो, बर्फ पडला की पहाटे शाळा बंद ठेवायचे ठरवतो. मंजुरीचे मत मात्र बोर्डाचे. त्याची ‘बदली झाली’ असे लिहिले की बातमी फसलीच. त्याचा करार संपतो, तो राजीनामा देतो किंवा बोर्ड त्याला काढते. फ्लोरिडातल्या काही काउंट्यांत (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग) तर तो थेट निवडून येतो.

खरा घोटाळा ‘डिस्ट्रिक्ट’चा आहे. तो आपला जिल्हा नव्हे. एकट्या लॉस एंजेलिस काउंटीत 80 स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत, त्यामुळे ‘जिल्हा शिक्षणाधिकारी’ लिहिले की वाचक पद भलतेच मोठे समजतो. ‘शाळाक्षेत्र’ चालेल. ‘स्कूल बोर्ड’चे ‘शिक्षण मंडळ’ही टाळावे, आपल्या वाचकाला दहावी-बारावीचे बोर्ड आठवते.

माझे मत : पहिल्यांदा ‘सुपरिंटेंडंट, म्हणजे शाळाक्षेत्राचे मुख्य प्रशासक’ असे लिहावे, पुढे नुसते सुपरिंटेंडंट. मथळ्यात जागा नसेल तर ‘शाळाप्रमुख’ नको, तो पुन्हा मुख्याध्यापकच होतो. ‘शाळाक्षेत्र प्रमुख’ बरा.

न्यूयॉर्क शहराची बातमी असेल तर आणखी जपावे. तिथे सर्वोच्च पदाचे नाव ‘चॅन्सलर’, नेमणूक महापौराची आणि हाताखाली विभागवार सुपरिंटेंडंट. या चॅन्सलरला सवयीने ‘कुलपती’ करू नये. त्याच्याकडे शहराच्या सरकारी शाळा असतात, विद्यापीठ नाही.