एंटर दाबल्यावर

"मॅडम, माझं वय झालं का हो?"

विचारणारे गृहस्थ माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेले, 44 वर्षांचे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आयुष्य विंडोजची मशीनं फॉरमॅट करण्यात आणि प्रिंटर जोडण्यात गेलेलं. कंपनीनं त्यांना सर्व्हर टीममध्ये टाकलं आणि समोर आलं लिनक्स, विंडोजसारखीच पण वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम, जिला कमांड, म्हणजे हुकूम, टाइप करून द्यावे लागतात. माउस नाही, आयकॉन नाही, काळ्या पडद्यावर लुकलुकणारा कर्सर तेवढा. दोन महिन्यांत झोप उडाली, झोपेच्या गोळीचा विषय निघू लागला. रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा यायचा.

पहिल्याच दिवशी फजिती झाली होती. पासवर्ड टाइप करताना काहीच उमटेना, ठिपकेसुद्धा नाहीत. त्यांना वाटलं कीबोर्ड गेला. दुसरा आणून जोडला. शेजारची पंचविशीतली पोरं फिदीफिदी हसली. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे त्या काळ्या पडद्यावर, पासवर्ड सहसा दिसतच नाही, अक्षरं किती आहेत हेही बघणाऱ्याला कळू नये म्हणून. कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, बस्स.

"इंग्रजी कच्चं", "पाठांतर होत नाही", "पोरं पुढे गेली" हे मला नेहमीच ऐकू येतं. त्यावर "रोज दहा कमांड पाठ करा" असा सल्लाही सगळेच देतात. मला तो पटत नाही. मी विचारलं, "गोळा नेमका कधी येतो?"

बराच वेळ गेला. मग म्हणाले, "एंटर दाबल्यावर. तो काहीच म्हणत नाही."

फाइल कॉपी करा, हलवा, पुसा; काम नीट झालं तर लिनक्स गप्प राहतं. नुसती पुढची ओळ येते. या गप्प बसण्याचा अर्थ ते "काहीतरी चुकलंय" असा लावत होते. घरचे वडीलही असेच, शाबासकी नाही, फक्त चुकल्यावर आवाज. हे त्यांनी स्वतःच सांगितलं, मी खोदलं नाही.

मी वाचून काढलं ते त्यांना सांगितलं. लिनक्स 1991 सालचं, पण त्याची ही रीत युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमकडून आलेली, आणि युनिक्सची सुरुवात 1969 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये झाली. तेव्हा पडद्याऐवजी टेलिटाइप असायचे. कागदावर सेकंदाला साधारण 10 अक्षरं ठोकणारी यंत्रं. तिथे फापटपसारा कोण करणार? म्हणून कमांडही दोन-तीन अक्षरी, आणि जमलं तर उत्तरच नाही. आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत हे सांगणारी कमांड आहे पीडब्ल्यूडी. "आपल्याकडे त्यावरून खड्डे आठवतात," ते म्हणाले. महिनाभरात पहिल्यांदा हसले.

चूक झाली की मात्र लिनक्स बोलतं. मग मी त्यांना एररचा मराठीत अर्थ मोठ्यानं सांगायला लावलं. "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी."

"म्हणजे मी सांगितलेल्या जागी तशी फाइल नाही."

"तुम्ही मठ्ठ आहात असं कुठे म्हणालं?"

"नाही. जागा चुकली, एवढंच."

एक भीती मात्र खरी होती, तिला मी खोटं ठरवलं नाही. आरएम कमांडनं पुसलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही, ते गेलंच. ऑफिसच्या सर्व्हरवर हात थरथरणं स्वाभाविक होतं. म्हणून घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातच चालणारा दुसरा लुटुपुटूचा संगणक, घेतलं, त्यात उबुंटू हा लिनक्सचाच एक प्रकार टाकला आणि स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या स्थितीची परत आणता येणारी प्रत, काढून ठेवला. गृहपाठ असा: मुद्दाम मोडा.

त्यांना तीन रात्री धीर झाला नाही. चौथ्या रात्री सगळ्या सेटिंग्ज जिथे असतात तो ईटीसी फोल्डर त्यांनी अख्खा उडवला. मशीन पुन्हा नीट सुरू होईना. मग स्नॅपशॉट परत आणला आणि सगळं जागच्या जागी. पुढच्या भेटीत सांगत होते, "बायकोला उठवून दाखवलं. ती म्हणाली, मोडल्याचा कसला आनंद?" त्या आठवड्यात त्यांनी ते आणखी पाच वेळा मोडलं. झोपेच्या गोळीचा विषय पुन्हा निघाला नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. ऑफिसात अजूनही पुसण्याआधी दोनदा पीडब्ल्यूडी करतात. ती सवय मी सोडवायला गेले नाही, उलट ठेवाच म्हटलं. आणि व्हिम या मजकूर लिहायच्या एडिटरमधून बाहेर कसं पडायचं याची चिठ्ठी त्यांच्या मॉनिटरला अजून चिकटवलेली आहे: एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. हसणाऱ्या पोरांपैकी एकानं परवा तिचा फोटो काढून नेला म्हणे.